नंबर न सांगता

आमच्या कारखान्यात सगळ्यात तीक्ष्ण नजर कोणाची, असं कोणी विचारलं की आम्ही सगळे एकाच माणसाकडे बोट दाखवायचो, आणि त्या माणसाला ते बोट दिसायचं नाही. भिंगभाऊ जन्मापासून आंधळे. हे टोपणनाव मी ठेवलेलं नाही, आधीच सांगते, कारण कारखान्यात काही आगाऊपणा झाला की नाव माझंच घेतलं जातं. ते त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं. पहिल्या दिवशी फोरमननं तोंड वाकडं करून विचारलं, "तुम्ही इथं नेमकं काय करणार?" तर हे म्हणाले, "भिंग आणलंय असं समजा आणि टेबलावर ठेवा." झालं! त्या दिवसापासून त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या यादीत उरलं.

कारखाना कार्डांचा. दुकानात पैसे द्यायला आपण खिशातून काढतो ना, ती कार्डं. लोकांना वाटतं ती बँकेत झाडाला लागतात. ती आम्ही करतो, बंद खोल्यांमध्ये, आत जाताना झडती आणि बाहेर येताना झडती देऊन. मी तिथं सत्तावीस वर्षं आहे आणि त्यातली बहुतेक भाऊंच्या शेजारच्या खुर्चीत गेली.

तेव्हाचं कार्ड म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा आणि त्यावर उठवलेले आकडे. दुकानदार ते लोखंडी पाटीवर ठेवायचा, वर कार्बनचा कागद घालायचा आणि दांडा खर्रकन सरकवायचा. आकडे कागदावर उमटले की व्यवहार पुरा. आकडा नीट उठला नाही तर तिनाचा आठ दिसायचा आणि एकाची खरेदी दुसऱ्याच्या गळ्यात पडायची. म्हणून शेवटची तपासणी आम्हा दोघांकडे. मी यादीतला नंबर मोठ्यानं वाचायचे आणि भाऊ डाव्या हाताची बोटं आकड्यांवरून फिरवायचे. माझं वाचून व्हायच्या आत त्यांचं बोट शेवटच्या आकड्यावर जाऊन माझी वाट बघत बसायचं. मी चिडायचे. "एवढी घाई आहे तर तुम्हीच वाचा ना यादी!" तर म्हणायचे, "बाई, यादी सपाट आहे. उठवून आणा, वाचतो."

एकदा ते "थांबा" म्हणाले. बाराव्या जागेवरच्या सहाचं पोट बसलंय, असं त्यांचं म्हणणं. वरचे साहेब आले, कार्ड उजेडात धरलं, चष्मा लावला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ठीक तर आहे." मी म्हटलं, "साहेब, मोजून बघा." मोजलं. केसाच्या जाडीइतकं खाली होतं. साहेब गेले ते पुन्हा महिनाभर आमच्या टेबलाकडे फिरकले नाहीत.

पुढे कार्डाच्या पाठीवर काळी पट्टी आली. माहिती आता पट्टीत, म्हणाले. भाऊंनी तिच्यावरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं, कानापाशी नेऊन फिरवलं. "यात लिहिलंय ते मला वाचता येत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "मलाही येत नाही. म्हणजे आज आपण दोघं सारखे." ते खूप हसले.

पण खरं सांगायचं तर मला धडकी भरली ती चिप आली तेव्हा. उठवलेले आकडे हळूहळू जाणार, छपाई सपाट होणार, अशी कुजबुज सुरू झाली. सपाट कार्डावर भाऊंच्या बोटांचं काय काम? मी घरी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, की त्यांना काढलं तर मीही राजीनामा फेकते. नवरा म्हणाला, "फेक, पण आधी मला सांग." तशी वेळच आली नाही. चिप बसवायला कार्डात एक बारीकसा खड्डा कोरतात, आणि ती त्यात अगदी काठाला काठ लावून बसावी लागते. जराशी वर राहिली तर मशीनमध्ये अडकते, खाली गेली तर टेकत नाही. भाऊंनी पहिल्याच पेटीतून बोट फिरवून सतरा कार्डं बाजूला काढली. सतराच्या सतरा चुकीची निघाली. फोरमन त्यांना स्वतः चहा घेऊन आला, एवढं सांगितलं की पुरे.

चिपचं काम बघायला एक साहेब आले होते, टक्कल पडलेले, सदा घाईत असलेले. आम्ही त्यांना चिपवाले साहेब म्हणायचो. भाऊंनी त्यांना धरलंच. "साहेब, हे एवढंसं, माझ्या नखापेक्षा लहान. ह्याच्यात आहे तरी काय?"

साहेब घाई विसरले. म्हणाले, "ह्याच्यात एक गुपित आहे आणि ते गुपित ही चिप कधीच कोणाला सांगत नाही. पट्टीवाल्या कार्डाला मशीन विचारायचं, तू कोण? आणि पट्टी सगळं ओकून मोकळी व्हायची. कोणीही ऐकावं, कोणीही नक्कल करावी. ही तसं करत नाही. मशीन तिला दर वेळी एक नवा प्रश्न घालतं. ही आतल्या आत गुपित वापरून उत्तर काढते आणि फक्त उत्तर बाहेर देते. दुसऱ्या वेळी प्रश्न वेगळा, उत्तर वेगळं. गुपित आतच."

"आणि आपण? आपण तर ती बनवतो," भाऊ म्हणाले.

"एकदा कुलूप लागलं की आपल्यालाही ते बाहेर काढता येत नाही."

सांगते, मी सहजासहजी कशाला भुलणारी बाई नाही, पण त्या दुपारी मी हातातल्या कार्डाकडे नुसती बघत राहिले. भाऊंनी तर कार्ड दोन्ही तळव्यांवर घेतलं होतं. "अरे बापरे," ते हळूच म्हणाले, "म्हणजे न सांगता ओळख पटवता येते."

ते असं का म्हणाले, हे कळायला त्यांच्या घरची गोष्ट सांगायला हवी. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये दोन खोल्यांत भाऊ आणि त्यांची थोरली बहीण राहायचे. तिला सगळे ताईच म्हणायचे, मीसुद्धा. नवरा गेल्यावर ती एकुलत्या मुलीला घेऊन भावाकडे आली, मुलगी वाढली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, आणि मागं हे दोघं राहिले. ताईची जीभ माझ्यापेक्षा धारदार, त्यामुळे आमचं छान जमायचं. ती भाऊंना कशातही मदत करायची नाही. कपडे स्वतः धुवायचे, स्वयंपाक एक दिवसाआड, बसनं एकट्यानं जायचं. दुकानात मात्र ती सोबत जायची, कारण दुकानात एक अडचण होती.

कार्ड दिलं की गुप्त नंबर दाबावा लागतो. मशीनला बटणं होती तोवर भाऊ झरझर दाबायचे, पाचावरचा टिपका बोटाला लागला की पुढचं सोपं. मग दुकानांत ती गुळगुळीत काचेची मशीनं आली. काचेवर आकडे दिसतात, हाताला लागत नाहीत. ज्या माणसानं अख्ख्या गावाची कार्डं हातानं वाचली, त्याला स्वतःचं कार्ड वापरता येईना. ताई सोबत नसली की दुकानदाराला नंबर सांगायचा आणि त्यानं दाबायचा. चार आकड्यांचं गुपित अख्ख्या रस्त्याला पाठ! भाऊ त्यावरही विनोद करायचे. "नंबर विसरलो तर काळजी नाही, भाजीवाल्याला विचारीन."

पण एकदा औषधाच्या दुकानात ते नंबर सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात रांगेत मागं उभ्या असलेल्या कोणीतरी तो आधीच सांगून टाकला. सगळी रांग हसली. भाऊही हसले. दुसऱ्या दिवशी टेबलावर त्यांनी दिवसभरात "बरोबर" आणि "थांबा" याशिवाय एक शब्द काढला नाही. ताईनं मला नंतर सांगितलं तेव्हा मी त्या रांगेतल्या माणसाला काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

वर्षं गेली. कार्ड मशीनला टेकवायचीही गरज उरली नाही, नुसतं जवळ नेलं की काम होऊ लागलं. त्यात ना सेल, ना वायर. "मग जीव कुठून येतो?" भाऊंनी विचारलं. चिपवाल्या साहेबांनी तारेचं एक वेटोळं आणलं, त्याला बारीकशी भिणभिणारी चकती जोडली आणि भाऊंच्या हातावर ठेवलं. हात मशीनपाशी नेला तशी चकती तळव्यात भिणभिणायला लागली. हात मागं घेतला, गप्प. पुढे नेला, पुन्हा सुरू. मशीनच्या आसपासच्या हवेत जो जोर असतो तोच कार्डाला पुरतो, साहेब म्हणाले. भाऊंनी तो हात वीसेक वेळा पुढेमागे केला. त्यांचा चेहरा बघून आमच्या खोलीतली सगळी कामं थांबली होती आणि फोरमननंही कोणाला हटकलं नाही.

आणि मग या वर्षी ते नवं कार्ड आलं. पैसे त्याच कार्डानं, बस त्याच कार्डानं, दवाखान्याचे कागद त्यातच, घराचं कुलूपही तेच उघडणार. मी म्हटलं, "साहेब, म्हणजे आमच्या दाराच्या कुलपालाही माझा रक्तदाब कळणार?" साहेब म्हणाले, "नाही. आत वेगवेगळ्या खोल्या आहेत आणि एकीतलं दुसरीला दिसत नाही. बसचं मशीन बसच्याच खोलीचं दार ठोठावतं." आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कार्डाच्या कोपऱ्यात बोट ठेवायला एक चौकोन होता. बोटाची खूण कार्डातच राहते, कार्डच ती ताडून बघतं आणि मशीनला फक्त हो म्हणून कळवतं. नंबर दाबायचा नाही. नंबर सांगायचा नाही.

भाऊ उठून उभेच राहिले.

आता वेळ कशी होती बघा. ताईच्या मुलीला जुळं झालं होतं आणि ताई महिनाअखेर कायमची तिकडे जाणार होती. मुलीनं मामालाही बोलावलं होतं, अगदी मनापासून. पण भाऊंना आपल्या दोन खोल्या, आपली खुर्ची, आपली बस सोडायची नव्हती. ताई मला म्हणाली, "हा गावभर नंबर ओरडत फिरणार आणि मी तिकडे सुखानं जेवणार होय? घरात पैसे ठेवले तर कोण कुठली नोट हातावर ठेवतंय ते याला दिसणार आहे? तुझ्या त्या कार्डानं याला ओळखलं तर राहू दे इथं. नाहीतर हा माझ्याबरोबर येईल." भाऊ म्हणाले, "कबूल." ताईचा शब्द तो शब्द, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आधी कारखान्यातल्या माणसांनाच कार्डं देऊन बघायची होती. बोटं नोंदवायला तीन दिवसांची मुदत, नंतर ते नोंदणीचं मशीन दुसऱ्या कारखान्यात जाणार. पहिल्या दिवशी माझं झालं, फोरमनचं झालं, झाडलोट करणाऱ्या मावशींचंही झालं. भाऊंचं होईना. अंगठा नाही, तर्जनी नाही, मधलं नाही. दुसऱ्या दिवशी उजवा हात. प्रत्येक वेळी लाल दिवा. मला तो बघवेना आणि भाऊंना सांगावा तर लागतो. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांनी हात टेकले. खाली बघत म्हणाले, "भाऊ, रेषा झिजल्यात. इतकी वर्षं कडक प्लास्टिकवर घासून बोटं गुळगुळीत झालीत. कार्डाला धरायला काही मिळत नाही."

"वा," भाऊ म्हणाले, "मी जन्मभर कार्डं वाचली, आता कार्डाला मी वाचता येत नाही."

"विनोद करू नका!" मी ओरडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला ते कोणाला दाखवायचं नव्हतं. दिसणारे होते त्यांनी माना वळवल्या.

चारच्या सुमारास ताई आली. भाऊंना प्रवासासाठी चपला घ्यायच्या होत्या म्हणून ती त्यांना न्यायला आली होती. बाहेरच्या खोलीत नोंदणीचं टेबल होतं, तिथवर पाहुण्यांना येऊ द्यायचे. साहेब म्हणाले, शेवटचं एकदा बघू. भाऊ बसले. मी कापसाचा बोळा पुढे केला, त्यांनी दहाही बोटं चोळून पुसली, बोट ठेवलं. लाल. मी दुसरा बोळा दिला. त्यांनी पुसलं, ठेवलं. लाल.

ताई स्टुलावर बसून बघत होती. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हा दर वेळी हाताला काय चोळतो?"

"स्पिरिट," मी म्हटलं. "कार्डाला हात लावायच्या आधी बोटं स्पिरिटनं पुसायची. बोटाचा तेलकटपणा लागला की कार्डावर छपाई धरत नाही. पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे."

"पण इथं छपाई कुठं करताय?" ताई म्हणाली. "माझे हात थंडीत असे कोरडे पडले की माझ्या फोनलासुद्धा माझं बोट कळत नाही."

साहेबांनी कपाळावर हात मारला. तीन दिवस मी स्वतः बोळे पुरवत होते, साहेब बघत होते, फोरमन बघत होता, आणि आमच्यातल्या एकालाही ते दिसलं नव्हतं, कारण आम्ही सगळेच तसं करतो. आमच्या जाड रेषांचं त्यात निभावलं. भाऊंच्या रेषा बारीक झाल्याच होत्या, त्यात स्पिरिटनं कोरड्याठाक. मला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

ताई उठली. भाऊंच्या समोर स्टूल ओढून बसली आणि त्यांचे दोन्ही हात तिनं आपल्या हातांत मिटून धरले. "गप्प बस पाच मिनिटं," ती म्हणाली. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. मला तेव्हा एकदम लक्षात आलं की हे लागलं तर ही बाई एकटी जाणार आहे. तिलाही ते कळत होतं. तरी तिनं हात सोडले नाहीत, घड्याळाकडे बघत पुरी पाच मिनिटं धरून ठेवले. मग स्वतःच त्यांचं बोट उचलून कार्डावर ठेवलं.

हिरवा दिवा लागला. साहेबांच्या आधी मीच म्हटलं, "लागलं, भाऊ. लागलं हो!"

ताई म्हणाली, "इथं लागून काय उपयोग? दुकानात लागलं पाहिजे." आणि पर्स उचलून ती घरी निघून गेली.

आम्ही दोघं त्याच औषधाच्या दुकानात गेलो. संध्याकाळची गर्दी होती. भाऊंनी खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट मागितलं. दुकानदार भला माणूस, सवयीनं पुढे झुकला, कान जवळ आणला आणि म्हणाला, "हं, बोला नंबर."

"नाही सांगणार," भाऊ म्हणाले.

दुकानदार गोंधळला. रांगेतले लोक बघायला लागले. भाऊंनी चौकोनावर बोट टेकवलं, मशीन कुठं आहे ते डाव्या हातानं चाचपलं आणि कार्ड त्याच्यापाशी धरलं. एक श्वास घ्यायला लागतो तेवढाही वेळ गेला नाही. मशीन वाजलं.

"झालं?" भाऊंनी विचारलं.

"झालं," दुकानदार म्हणाला. "पण झालं कसं?"

भाऊ हलेचनात. चेहरा वर उचललेला, ओठ थोडे उघडे. मागचा माणूस चुळबुळायला लागला तसं मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. "बाई," भाऊ मला म्हणाले, "कोणालाच कळलं नाही ना?" मी म्हटलं, "कोणालाच नाही." मग ते दुकानदाराला म्हणाले, "कापसाचं एक पुडकं द्या." पुन्हा बोट, पुन्हा आवाज. "आणि साबणाची वडी." तिसऱ्यांदा ते कंगवा मागायला लागले तेव्हा मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

क्वार्टर्समध्ये शिरलो तेव्हा आतल्या खोलीत ताईची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. दुसरी बॅग पलंगावर उघडी होती आणि तिच्यात भाऊंचे शर्ट, घड्या घालून, एकावर एक. मी दारातच थांबले. भाऊ साबण आणि कापूस छातीशी धरून उभे होते.

"त्यानं नंबर विचारला?" ताईनं पाठ न वळवता विचारलं.

"विचारला."

"मग?"

"सांगितला नाही."

ताईनं बॅगेतला वरचा शर्ट काढला, झटकला, हँगरला लावला आणि कपाटात अडकवला. मग दुसरा काढला. मग तिसरा. हँगरचा आवाज होत होता आणि भाऊ तो मान तिरकी करून ऐकत होते. शेवटच्या शर्टाला तिला जरा वेळ लागला. तो तिनं उगाच दोनदा सारखा केला, आणि म्हणाली, "सगळ्यांच्या घड्या मोडल्या. इस्त्री आता तुझी तूच कर."

"करीन," भाऊ म्हणाले.